नाताळची मुळाक्षरं : मॅटीवरच्या कामाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२५

गणपती गेले, हात मोकळे झाले आणि आज काम ठरलं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मावशींना नाताळात भिंतीवर लावायला मॅटीवर, म्हणजे चौकोनी घरं विणलेल्या कापडावर, क्रॉस स्टिचचा, म्हणजे फुलीच्या टाक्यांचा लांब पट्टा हवाय. त्यात चोवीस चौकटी, १ ते २४ डिसेंबर, रोजची एक. प्रत्येक चौकटीत एक मराठी अक्षर आणि त्या अक्षराचं नाताळचं चित्र. त्यांचा नातू इंग्रजी शाळेत जातो आणि मराठी अक्षरं आजीकडेच गिरवतो. त्याला रोज एक अक्षर मिळेल आणि सण जवळ येतोय हेही कळेल, असा मावशींचा विचार. मला तो फार आवडला.

अशी दिवस मोजायची दिनदर्शिका मूळची जर्मनीतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्यूनिकच्या गेरहार्ड लांग यांनी ती छापून विकायला सुरुवात केली. यंदा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरला येतो. त्याच्या आदल्या दिवशी पट्टा मावशींच्या हातात पडला पाहिजे.

ए ते झेडचे नाताळचे नमुने हवे तेवढे मिळतात. एंजल, बेल, कँडल अशी चित्रं आणि शेजारी ठसठशीत अक्षर. मराठी मुळाक्षरांचा नमुना मात्र आपणच आखायचा आहे. इंग्रजी नमुना घेऊन त्यात अक्षरं बदलून भागणार नाही, कारण आपलं अक्षर ओळीवर उभं राहत नाही, ओळीला लटकतं.

११ सप्टेंबर

अक्षरांची यादी. संध्याकाळी मावशींच्या स्वयंपाकघरात बसून केली.

अ अक्रोड, आ आकाशकंदील, उ उंट, ऊ ऊद. क कलकल, ख खजूर, ग गव्हाणी, घ घंटा. च चर्च, ज जायफळ, झ झाड, ट टोपी. ड डबा, त तारा, द देवदूत, न नेवरी. प पॉइन्सेटिया, फ फीत, भ भेट, म मेणबत्ती. ल लोकर, श शेकोटी, स सोनं, ज्ञ ज्ञानी.

चार रकाने, सहा ओळी. अक्रोड, खजूर आणि जायफळ केकमधून आले. कलकल आणि नेवरी हे नाताळच्या फराळाचे पदार्थ मावशींच्या परातीतून. शेकोटी रात्री मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांची. डबा कशाला, असं मी विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "अगं, नाताळच्या सकाळी तुमच्याकडे काय येतं? डबाच ना!" मग डबा स्टीलचाच काढायचा, वर कडी असलेला.

ळ पासून शब्द सुरू होत नाही, पण शीर्षकाच्या पट्टीत 'नाताळच्या शुभेच्छा' येणार आहे, तिथे ळ मानाने बसेल.

१४ सप्टेंबर

आज दिवसभर आलेखवही. या कामाचा जीव इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

चौकट ३२ घरं रुंद, ३५ घरं उंच. अक्षर डावीकडे वर, चित्र उजवीकडे खाली. अक्षराची उंची शिरोरेषा धरून १६ घरं. शिरोरेषा दोन घरं जाड आणि काना दोन घरं जाड. एका घराची शिरोरेषाही आखून पाहिली. जवळून नाजूक दिसते, पण वही भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं की अक्षरं सुटी पडतात. दोन घरांची रेघ लांबूनही अक्षर धरून ठेवते.

गोलाई कशी द्यायची हा पुढचा प्रश्न. त चा वळसा, क चं पोट, घ ची दुमड. चौकोनी घरांतून वळण काढायचं म्हणजे पायऱ्या आल्याच. एक आडवं, एक उभं अशी सरळ पायरी घातली की अक्षर करवतीसारखं दिसतं. तेच आधी तीन आडवी, मग दोन, मग एक, मग एक उभं, दोन उभी, तीन उभी असं घेतलं की डोळा त्याला गोल समजतो. पाऊण टाके, म्हणजे फुलीचा एक पाय अर्धाच असलेले टाके, घातले असते तर वळण आणखी मऊ झालं असतं. पण मॅटीवर पाऊण टाक्यासाठी घराच्या मधोमध सुई टोचावी लागते आणि घराचा आकार बिघडतो. अक्षरांत सगळ्या पूर्ण फुल्याच ठेवणार.

ल आणि श आपल्या पद्धतीचे, पाकळीचा ल आणि देठाचा श. शासनाच्या प्रमाण वर्णमालेतही हीच रूपं आहेत. संगणकावरच्या बऱ्याच टंकांत हिंदी वळणाची रूपं येतात. मुलाने शाळेबाहेर पहिल्यांदा ल पाहायचा तो आजीच्या हातचा, तर तो आजीच्या वळणाचाच हवा.

भ ची शिरोरेषा डावीकडे तुटते. ती फट दोन घरांची ठेवली, एकाच घराची ठेवली तर भरून आल्यावर भ चा म होतो. हा फरक कागदावर दिसत नाही. फुलीचा दोरा किंचित फुगतो आणि शेजारचं रिकामं घर झाकतो, म्हणून जिथे फट महत्त्वाची तिथे ती दोन घरांची.

आणि ळ. त्याला दोन पोटं. प्रत्येक पोटात तीन घरं मोकळी, रेघा दोन घरांच्या. म्हणजे दोन, तीन, दोन, तीन, दोन मिळून बारा घरं रुंदी. त्याहून कमीत ळ बसवला तर पोटं बुजतात.

१५ सप्टेंबर

शीर्षकाची पट्टी ३० घरं उंच. वर पाच घरं मात्रांना, दोन शिरोरेषेला, बारा अक्षराला, खाली सहा उकाराला. उरलेली पाच श्वास घ्यायला. 'शुभेच्छा'मध्ये एकाच शब्दात खाली उकार, वर मात्रा आणि मध्ये जोडाक्षर असं सगळं येतं. च्छा आडवा जोडला, उभा नाही. उभ्या जोडणीत छ च्या गोलाईला उंची उरत नाही.

एकूण मापं: रुंदी चार चौकटींची १२८ आणि दोन्ही कडांना सहा-सहा, म्हणजे १४० घरं. उंची सहा चौकटींची २१०, शीर्षक ३०, वरखाली सहा-सहा, म्हणजे २५२. इंचाला १४ घरांच्या कापडावर १० इंच बाय १८ इंच. चारी बाजूंना तीन इंच सोडायचे, म्हणून कापड १६ बाय २४.

१७ सप्टेंबर

डोंबिवलीच्या आत्याकडे जाऊन आले. तिच्या रुखवतात मांडलेलं 'सुस्वागतम्' अजून तिच्या दारावर काचेच्या चौकटीत आहे, दोन बाजूंना दोन पोपट, खाली वेलबुट्टी. अशी चौकट नसलेलं जुनं मराठी घर सापडणं अवघड. मी फोटो काढून घरं मोजली. आत्याने स्व जोडताना स चा काना काढून व ला अगदी चिकटवलाय, मध्ये एकही घर सोडलेलं नाही, आणि तरी अक्षर स्वच्छ वाचता येतं. जोडाक्षर असंच चिकटवायचं. माझ्या आलेखात च्या आणि च्छा मध्ये एकेक घर होतं ते काढून टाकलं.

आपल्या बायकांनी ही अक्षरं दारावर, उशांच्या अभ्र्यांवर, टेबलक्लॉथवर किती सुंदर बसवलीत. नमुने एकीच्या हातून दुसरीच्या हाती गेले, पण नाव कुणाचं राहिलं नाही.

विलायतेतल्या बायकांची गोष्टही याहून फार वेगळी नाही, एकीचं नाव मात्र पक्कं उरलंय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक हिने केलेला नमुनापट, म्हणजे टाक्यांचे नमुने भरलेलं कापड, आहे, त्यावर १५९८ साल भरलेलं आहे. तारीख असलेल्या ब्रिटिश नमुनापटांत तो सगळ्यात जुना मानतात. त्यात मुळाक्षरं आहेत, पण जे, यू आणि झेड नाहीत. शिवाय अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीचा जन्म १५९६ च्या २३ नोव्हेंबरला, मंगळवारी दुपारनंतर झाला, हेही टाक्यांत लिहून ठेवलंय. पुढच्या काळात मुली मुळाक्षरं भरायला शिकायच्या त्याचं एक कारण अगदी घरगुती होतं. चादरी, टॉवेल, सदरे धुवायला एकत्र जायचे, तेव्हा कोणता कुणाचा हे ओळखायला कोपऱ्यात आद्याक्षर आणि आकडा भरावा लागे. अक्षर आणि फुली यांची सोयरीक तिथली.

२० सप्टेंबर

सामान आणायला ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर गेले, नंतर गोखले रोड. मॅटीच्या कापडावर घरांचा आकडा बहुधा छापलेला नसतो, म्हणून पट्टी घेऊनच जाते. एक इंच धरून घरं मोजली, आडवी आणि उभी दोन्हीकडून. दोन्हीकडे चौदा भरली तर ते कापड घ्यायचं, एका बाजूला तेरा भरली तर गोल घंटा लांबट होते. पांढरं शुभ्र नको होतं, मोतिया रंगाचं मिळालं.

दोरे अँकर कंपनीचे. इंग्रजी नमुन्यांत रंग बहुधा डीएमसी या दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकाने दिलेले असतात. त्यांचा ३२१ लाल आणि ६९९ हिरवा हे नाताळचे म्हणूनच ओळखले जातात. तक्त्याप्रमाणे अँकरमध्ये ते ९०४६ आणि ९२३. पण तक्ता म्हणजे जवळपासचा रंग, तोच रंग नव्हे. लडी दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहिली. ट्यूबलाइटखाली सगळेच लाल एकसारखे दिसतात.

हिशेब असा: लडी आठ मीटर, सहा पदरांची. चौदाच्या कापडावर दोन पदर वापरले तर एका लडीत दीड हजार फुल्या आरामात निघतात. माझ्या आलेखात एका अक्षराला शंभराच्या आसपास फुल्या आहेत. सगळी अक्षरं लाल, म्हणून लाल दोन लड्या आणि शीर्षकासाठी आणखी एक. एकाच वेळी, एकाच खोक्यातल्या घेतल्या. पुढच्या महिन्यात त्याच क्रमांकाची लडी आणली तर छटा किंचित वेगळी निघू शकते.

सुया बोथट टोकाच्या, २४ नंबर.

२१ सप्टेंबर

लाल आणि हिरव्या दोऱ्याचे तुकडे थंड पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवले. रुमाल कोरा राहिला.

२ ऑक्टोबर, दसरा

सुई, कात्री आणि रिंग पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पहिली फुली घातली. कापडाच्या कडा आधीच दुमडून शिवल्या होत्या. घड्या घालून मधला बिंदू काढला आणि दर दहा घरांवर निळ्या शिलाईच्या दोऱ्याने आडवा-उभा धावदोरा घातला. हे करायला वेळ जातो, पण पुढे मोजणी सोपी होते. घर शोधायला डोळे ताणावे लागत नाहीत.

आरंभ असा: एकच पदर लांब घेऊन दुमडला, दोन्ही टोकं एकत्र नेढ्यात ओवली, पहिल्या अर्ध्या टाक्यानंतर मागे राहिलेल्या फाशातून सुई काढली. गाठ नाही. गाठीचा उंचवटा इस्त्रीनंतर पुढून दिसतो.

१२ ऑक्टोबर

शिरोरेषा आडव्या ओळीत भरताना आधी सगळे अर्धे टाके एका दिशेने आणि परतताना दुसरे अर्धे. काना मात्र खाली उतरताना एकेक फुली पुरी करत. दोन्हीकडे वरचा टाका डावीकडून खालून उजवीकडे वर जाणाराच. हे सांभाळलं की लाल अक्षरावर उजेड एकसारखा पडतो. एखादी फुली उलटी असली तर ती रंगाचा डाग असल्यासारखी दिसते.

ठाण्यातल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात हाताला घाम येतो. पाण्याचं भांडं आणि नॅपकिन शेजारी, तास-दीड तासाने हात धुवायचे. उठताना काम रिंगमधून काढून मऊ जुन्या साडीत गुंडाळायचं. रिंग रात्रभर ठेवली तर गोल वळ पडतो.

आजपर्यंत अ ते घ, अक्षरं आणि काही चित्रं.

१८ ऑक्टोबर

दिवाळी. काम बंद. करंज्या आणि चकल्यांचा डबा मावशींकडे जाऊन आला.

२६ ऑक्टोबर

पुन्हा सुरुवात. आधी एक जुना प्रश्न सुटला, तो ताऱ्यांचा. आ चा आकाशकंदील पाच टोकांचा आणि त चा ताराही पाच टोकांचा केला तर दोन चौकटी सारख्या होतात. शिवाय पाच टोकांचा तारा चौकोनी घरांना मानवत नाही. तिरप्या कडा कुठे एकास दोन, कुठे एकास तीन अशा तडजोडीने घ्याव्या लागतात. आठ टोकांचा तारा मात्र मॅटीवर सुरेख बसतो, कारण त्याच्या सगळ्या तिरप्या रेघा घराच्या कर्णातूनच जातात. म्हणून आ ला पाच टोकी कागदी कंदील, आत पिवळा उजेड, खाली झिरमिळ्या, आणि त ला आठ टोकी तारा. त्यात सोनेरी जरीचा एक पदर आणि पिवळ्या सुताचा एक पदर एकत्र ओवलेत. जरीची तार वीतभर लांबीचीच कापायची. लांब घेतली की कापडातून जाताजाता तिचं वरचं पान सुटायला लागतं.

हिमकण या पट्ट्यात कुठेच नाही. मावशींनी मुद्दाम सांगितलं, जे नातवाने पाहिलंय तेच काढ. उंट त्याने जुहूला पाहिलाय. उंटाला एकच कुबड, अरबस्तानातला आहे तो.

२ नोव्हेंबर

झाड, टोपी, डबा. झाडाची रुंदी विषम हवी, तेरा घरं. शेंड्याला एकच फुली येते आणि पुढे प्रत्येक पायरीला दोन-दोन वाढत जातात. सम रुंदीत शेंडा बोथट होतो. डब्याला राखाडीच्या तीन छटा, उजवीकडे एक उभी पांढरी रेघ. त्या पांढऱ्या रेघेनेच तो स्टीलचा झाला.

९ नोव्हेंबर

मावशींशी बराच वेळ बोलणं झालं, कारण क्रम. ज्ञ २४ तारखेला येतो आणि ज्ञ म्हणजे बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी. मावशी म्हणाल्या, "त्यांचा सण ६ जानेवारीला. २४ च्या रात्री बाळ यायला हवं, हे तर वाटेतच असतात तेव्हा!" अक्षरांचा क्रम मोडायचा नाही, त्यानेच तर नातू शिकणार. आणि जन्माची रात्र चुकवायची नाही.

तोडगा मावशींच्याच घरातून निघाला. त्यांच्याकडे देखाव्यातली गव्हाणी मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते, जन्माची प्रार्थना झाली की बाळाची मूर्ती आत ठेवतात. म्हणून ग च्या चौकटीत गव्हाणी फक्त गवताने भरलेली. बाळ वेगळ्या छोट्या तुकड्यावर भरायचं, मागे फेल्टचं अस्तर, वर लहान हूक. २४ च्या रात्री नातू ते गवतावर अडकवेल. ज्ञ मध्ये तिघे ज्ञानी पाठमोरे, लहान, वाटेवर. एकाच्या हातात गंधरसाची कुपी. त्यांच्या उरलेल्या दोन भेटी, सोनं आणि ऊद, यांना आपापल्या चौकटी आहेतच.

दिवस मोजायला प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात दोऱ्याचा काजासारखा फासा, आणि अडकवायला एक सुटा आठ टोकी तारा. तो रोज एक चौकट पुढे सरकेल आणि शेवटी ज्ञानी लोकांच्या डोक्यावर पोचेल.

१६ नोव्हेंबर

पॉइन्सेटिया. ज्याला आपण फूल म्हणतो ती पानंच असतात, रात्री लांबल्या की लाल होतात. खरी फुलं मधोमध, बारकी, पिवळी. म्हणून दोन लाल छटा पानांना आणि मध्यभागी पिवळ्याच्या मोजक्या फुल्या. झाड मूळचं मेक्सिकोचं, पण डिसेंबरात आपल्या नर्सऱ्यांत कुंड्यांच्या रांगा लागतात, त्यामुळे परकं वाटत नाही.

म मध्ये चार मेणबत्त्या, आगमनकाळाच्या चार रविवारांच्या. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारची. ज्योतीला दोन पूर्ण फुल्या, भोवती एकपदरी बॅकस्टिच, म्हणजे सलग रेघेचा टाका.

२० नोव्हेंबर

ऊदाचा धूर एकाच राखाडी पदराने. शेकोटी. सोनं.

तलावपाळीवरून येताना सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चसमोर थोडी थांबले होते. च मधलं चर्च तसं हुबेहूब नाही, तीस-बत्तीस घरांत तेवढं मावत नाही. त्रिकोणी माथा, क्रूस, कमानीचं दार, दारात उजेड. जांभळी नाक्यावर आता कंदिलांच्या जागी तारे आणि लाल टोप्या लटकायला लागल्या आहेत.

२४ नोव्हेंबर

शेवटची फुली ज्ञ च्या काठाला. निळे धावदोरे ओढून काढले. कोमट पाण्यात सौम्य साबण, हलकेच दाबून धुतलं, पिळलं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढलं. ओलसर असतानाच जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री केली. अशी केली की फुल्या चपट्या होत नाहीत, टॉवेलच्या मऊपणात रुतून उठावदार राहतात.

मागे सुती अस्तर, वर काठी घालायला नळी. काठी सागाची, सुताराकडून गुळगुळीत करून आणली.

२९ नोव्हेंबर

पट्टा दिला. मावशींनी आधी तो उलटा करून मागची बाजू बघायला घेतली, मग अस्तर दिसल्यावर हसल्या. अस्तराआधी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवला होता, तो दाखवला. "साफ आहे," म्हणाल्या. त्यांच्याकडून हे ऐकून फार बरं वाटलं, त्या स्वतः चाळीस वर्षं भरतकाम करतात.

नातवाने ड वर बोट ठेवून विचारलं, "ह्यात काय आहे?"

१ डिसेंबर

तारा अ वर.

४ डिसेंबर

पट्टा पाहून तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंना पुढच्या वर्षी छत्तीस अक्षरांचा हवाय, नाताळचा नको, साधा. आजपासून उरलेल्या अक्षरांचे आलेख सुरू केले. थ आणि ध ची शिरोरेषाही भ सारखीच तुटते, तिथेही फट दोन घरांची. ष ची पोटातली तिरपी रेघ एका घराच्या जाडीचीच ठेवावी लागेल, दोन घरांची केली तर पोट बुजतं. क्ष साठी वीस घरं रुंदी धरली आहे. ङ च्या टिंबाला एक फुली पुरत नाही, दोन बाय दोन घेतलं. ण चे दोन कानेही आखून झाले, मध्ये तीन घरं.